आदरांजली वाहिली, वारशाचे काय?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला आणि त्यानंतर आमच्या वस्त्यांमधून 'कैलासवासी' आणि 'स्वर्गवासी' हे शब्द हद्दपार झाले. बावीस प्रतिज्ञांमधील एक प्रतिज्ञाच श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची आहे. पिंड गेले, तेरावे गेले, कावळ्याची वाट पाहत ताटकळणे गेले. त्यांच्या जागी 'कालकथित' हा शब्द आला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आला, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्ती आली. मरणाची भाषाच बदलून टाकणारी ही क्रांती होती. पण या क्रांतीबरोबर एक जबाबदारीही आमच्यावर आली, तिचा विचार आम्ही पुरेसा केलेला नाही. ज्या समाजाने स्वर्ग नाकारला, त्याला आपली गेलेली माणसे ठेवायला दुसरी जागाच उरत नाही. ती जागा इथेच, याच जमिनीवर, लोकांच्या बोलण्यात आणि कपाटातल्या कागदांत करावी लागते. ती केली नाही, तर माणूस दोनदा मरतो. पहिल्यांदा निसर्गनियमाने आणि दुसऱ्यांदा आमच्या हलगर्जीपणाने.

गेल्या काही वर्षांत चळवळीतील मोठमोठी माणसे एकापाठोपाठ एक गेली. मार्च २०१८ मध्ये 'अस्मितादर्श'कार डॉ. गंगाधर पानतावणे गेले. जुलै २०१९ मध्ये पँथर राजा ढाले गेले. एप्रिल २०२१ मध्ये नागपूरचे वीरा साथीदार आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कासेगावच्या डॉ. गेल ऑम्वेट गेल्या. २०२३ साली तर शांताबाई कांबळे, कुमुद पावडे आणि प्रा. हरी नरके या तिघांनाही आपण निरोप दिला. प्रत्येक वेळी चौकाचौकांत फलक लागले, सभागृहांत आदरांजली सभा झाल्या, 'पोकळी भरून न येणारी' हे वाक्य दहा वक्त्यांनी दहा वेळा उच्चारले आणि आठ दिवसांनी फलक उतरले. पुढे काय? या माणसांनी लिहिलेली पुस्तके, चालवलेली नियतकालिके, जमवलेली कात्रणे, भाषणांच्या टाचणवह्या, पत्रव्यवहार, ध्वनिफिती यांचे काय झाले, हा प्रश्न किती सभांमध्ये विचारला गेला?

प्रस्थापित वर्तमानपत्रांकडून या बाबतीत अपेक्षा ठेवण्याचे कारणच नाही. १९२० साली 'मूकनायक' निघणार होता, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता, हे आमच्या पोराबाळांनाही पाठ आहे. आज जाहिरात छापतात, कारण जाहिरातीचे पैसे हवे असतात. पण आमचा माणूस गेला की त्याला कितवे पान आणि किती ओळी द्यायच्या, याचे माप अजूनही तेच आहे. ज्याला 'दलित साहित्यिक' म्हणून आयुष्यभर बाजूला बसवले, त्याचे निधनही बाजूच्याच रकान्यात छापले जाते. ही तक्रार खरी आहे आणि ती केलीच पाहिजे. परंतु दुसऱ्याच्या दारात तक्रार करून झाल्यावर आपल्या घरातील माळ्यावर काय पडले आहे, तेही पाहिले पाहिजे.

शांताबाई कांबळे यांचे उदाहरण घ्या. सोलापूर जिल्ह्यातील महूद येथे १९२३ साली एका गरीब महार कुटुंबात जन्मलेली ही मुलगी शिकली, १९४२ साली जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाली, पुढे जत भागात शिक्षण विस्तार अधिकारी झाली आणि १९८१ साली निवृत्त झाल्यावर तिने लेखणी हाती घेतली. 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे त्यांचे पुस्तक १९८६ मध्ये आले आणि त्यावरून दूरदर्शनवर 'नाजुका' ही मालिकाही झाली. शंभराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्या गेल्या. त्यांच्या निधनाच्या वेळी 'पँथर अरुण कांबळे यांच्या मातोश्री' असा त्यांचा उल्लेख अनेकांनी केला. तो खराच आहे. अरुण कांबळे यांचे चळवळीतील स्थान कुणी नाकारू शकत नाही. पण शांताबाई स्वतःच्या बळावर इतिहासात उभ्या आहेत. दलित स्त्रीचे जगणे तिच्याच बोलीत, तिच्याच तोंडून छापील पानावर आणणाऱ्या पहिल्या काही बायांपैकी त्या एक आहेत. वाचकहो, तुमच्या घरात हे पुस्तक आहे काय? तुमच्या वस्तीतील वाचनालयात आहे काय? नसेल, तर त्यांच्या तसबिरीला घातलेल्या हाराला काय अर्थ उरतो?

नागपूरच्या कुमुद पावडे यांची कहाणी तर प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे. ज्या भाषेतील वेद ऐकला तरी शूद्राच्या कानात शिसे ओतावे, अशी आज्ञा धर्मशास्त्राने दिली होती, ती संस्कृत भाषा या महार मुलीने शिकली, त्यात एम. ए. केले आणि पुढे ती महाविद्यालयात शिकवली. पण माहेरच्या सोमकुवर या आडनावाने त्यांना नोकरी मिळाली नाही. आंतरजातीय विवाहानंतर पावडे झाल्यावर ती मिळाली. नोकरी गुणवत्तेला मिळाली की आडनावाला, हा प्रश्न त्यांनी 'अंत:स्फोट' या १९८१ साली आलेल्या पुस्तकात जाहीरपणे विचारला. आरक्षणाच्या विरोधात गुणवत्तेची पिपाणी वाजवणाऱ्यांना त्यांच्या या एका अनुभवाने निरुत्तर करता येते. दलित महिलांच्या राष्ट्रीय पातळीवरील संघटनेच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. एवढे मोठे हत्यार आमच्या हातात असताना वादविवादात आम्ही रिकाम्या हाताने उभे राहतो, कारण ते पुस्तक वाचलेले नसते.

वीरा साथीदार यांना महाराष्ट्राबाहेरचे लोक 'कोर्ट' या चित्रपटातील लोकशाहीर नारायण कांबळे म्हणून ओळखतात. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परंतु पडद्यावर आलेला शाहीर हा त्यांच्या आयुष्याचा छोटासा भाग होता. 'विद्रोही' मासिकाचे संपादन, वस्त्यांतील सभा, कामगारांमधील काम हे खरे आयुष्य होते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, १३ एप्रिल २०२१ रोजी, म्हणजे भीमजयंतीच्या आदल्या दिवशी ते गेले. त्या दिवसांत माणसे जमवून आदरांजली सभा घेणेही शक्य नव्हते. पडद्यावरचा शाहीर चित्रपटाच्या प्रतीत सुरक्षित राहिला. पण जे शाहीर पडद्यावर कधी आलेच नाहीत त्यांचे काय? वामनदादा कर्डक २००४ साली गेले, २०२२ मध्ये त्यांची जन्मशताब्दी झाली. त्यांनी गावोगावी जाऊन जी गाणी रचली आणि गायली, त्यांतील कितीतरी गाणी कुणाच्या तरी वहीत, कुणाच्या तरी ओठांवर आणि बुरशी आलेल्या कॅसेटमध्ये विखुरलेली आहेत. वामनदादांची ही स्थिती असेल, तर तालुक्याच्या ठिकाणी आयुष्यभर ढोलकी-हार्मोनियम घेऊन फिरलेल्या अनाम गायन पार्ट्यांची काय असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

राजा ढाले यांनी 'साधना'च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकात लिहिलेल्या 'काळा स्वातंत्र्यदिन' या लेखाने महाराष्ट्र हादरला. त्या लेखाचे नाव सर्वांना माहीत आहे. पण ढाले यांनी त्याआधी आणि त्यानंतर काढलेल्या 'येरू', 'तापसी', 'चक्रवर्ती' या अनियतकालिकांचे अंक नव्या पिढीतील किती जणांनी हातात धरले आहेत? अनियतकालिक हे हातोहात फिरायचे आणि हातातच झिजायचे. चार-पाचशे प्रती, स्वस्त कागद, ना ग्रंथालयात नोंद, ना सरकारी अनुदान. पानतावणे सरांनी पन्नास वर्षे नेटाने चालवलेल्या 'अस्मितादर्श'चे अंक निदान काही घरांत बांधून ठेवलेले आढळतात. बाकीच्यांना तेवढेही भाग्य नाही.

छापलेले टिकते आणि न छापलेले विरते, हा आमच्या इतिहासाने दिलेला कठोर धडा आहे. जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे या मांग मुलीने आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला, म्हणून आज पावणेदोनशे वर्षे होत आली तरी मुक्ता बोलते आहे. तिच्याबरोबर त्याच शाळेत बसलेल्या इतर मुलींची नावेही आपल्याला सांगता येत नाहीत. त्यांनी लिहिलेच नाही असे थोडेच आहे? पाटीवर लिहिलेले पुसले गेले, एवढाच त्याचा अर्थ.

खुद्द बाबासाहेबांच्या लेखनाची कथा याहून वेगळी नाही. महापरिनिर्वाणानंतर त्यांची कितीतरी हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांमध्ये बंद पडून होती. शासनाची समिती झाली, वसंत मून या निष्ठावंत भीमसैनिकाने अक्षरशः आयुष्य पणाला लावले आणि १९७९ साली पहिला खंड बाहेर आला. १९८७ मध्ये 'रिडल्स'चा खंड निघाला, तेव्हा त्यावर बंदी घाला म्हणून मनुवादी रस्त्यावर उतरले आणि आंबेडकरी जनतेने मुंबईत विराट मोर्चा काढून ते लेखन वाचवले. कल्पना करा, ती हस्तलिखिते पेटीतच वाळवीने खाल्ली असती, तर कुणाला बंदीची मागणीही करावी लागली नसती. मून २००२ साली गेले. त्यानंतर हे काम पुढे नेणाऱ्यांत हरी नरके होते. फुल्यांच्या समग्र वाङ्मयासाठीही ते झटले. नरकेही गेले. ग्रंथ जपणारी माणसे कमी होत चालली आहेत, हे या निधनवार्तांमधून आपल्याला वाचता आले पाहिजे.

शासनाच्या भरवशावर राहावे, अशी परिस्थिती नाही. बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या प्रकाशनाचे काम रखडल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून तिची दखल घ्यावी लागली. ज्या महापुरुषाच्या नावाने निवडणुका लढवल्या जातात, त्याचे ग्रंथ छापा म्हणून न्यायालयाने सांगावे, याहून मोठी नामुष्की कोणती? आणि आमच्या वास्तूंचे काय? दादरचे आंबेडकर भवन आणि तेथील बुद्धभूषण प्रेस, जिथे चळवळीची पत्रे छापली गेली, ती जागा जून २०१६ मध्ये रात्रीच्या अंधारात जमीनदोस्त करण्यात आली. जनता पेटून उठली, १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. परंतु पाडलेली भिंत मोर्चाने परत येत नाही. वास्तू उभी असताना तिची राखण करणारे डोळे हवे असतात.

आणखी एक सल बोलून दाखवली पाहिजे. सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीचा इतिहास शोधायला अमेरिकेतील मिनियापोलिसची एक मुलगी इथे आली. जुन्या पत्रांच्या फायली चाळल्या, खेड्यापाड्यांत म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना भेटली आणि १९७३ साली बर्कले विद्यापीठात तिने त्यावर प्रबंध सादर केला. ती गेल ऑम्वेट. पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि कासेगावच्या मातीत त्या अखेरपर्यंत राहिल्या. त्यांच्याआधी एलिनॉर झेलियट या अमेरिकन विदुषीने बाबासाहेबांच्या चळवळीवर १९६९ साली प्रबंध पूर्ण केला होता. २०१६ मध्ये त्याही गेल्या. या दोघींचे ऋण फिटणारे नाही. वसंत मून यांच्या 'वस्ती'चा इंग्रजी अनुवादही गेल यांनीच केला आणि झेलियट यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. पण सात समुद्रापलीकडून येऊन कुणीतरी आमच्या आज्यांना विचारेपर्यंत आमच्या विद्यापीठांना ते सुचू नये, हे काय दर्शवते? तेथील अभ्यासमंडळांवर कोण बसले होते आणि त्यांना कशात रस होता, हे वेगळे सांगायला नको.

मात्र आमच्यातल्याच बायांनी हे काम किती उत्तम करता येते, तेही दाखवून दिले आहे. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार या दोघी बाबासाहेबांच्या काळात चळवळीत उतरलेल्या स्त्रियांचा शोध घेत फिरल्या. ज्यांना कुणी कधी व्यासपीठावर बोलावले नव्हते, अशा म्हाताऱ्या बायांसमोर बसल्या, त्यांचे बोलणे टिपून घेतले. त्यातून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभे राहिले. उशीर केला असता तर त्या बाया गेल्या असत्या आणि त्यांच्याबरोबर परिषदा, सत्याग्रह, महिला मंडळे यांची साक्षही गेली असती. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांचे चरित्र खंडाखंडाने लिहिले. १९७१ साली ते गेले, तेव्हा काही खंड अजून छापायचे होते. ते बाहेर यावेत म्हणून त्यांच्या पत्नी द्वारकाबाई झटल्या. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी तर घरच्यांपासून लपवून वह्या भरल्या. त्या वह्या चुलीत गेल्या असत्या तर 'जिणं आमुचं' कुठून आले असते? यातील कुणाकडेही मोठा निधी नव्हता. होती ती चिकाटी.

कुणी म्हणेल, ही तर व्यक्तिपूजा झाली. विभूतिपूजेचा धोका तर बाबासाहेबांनीच सांगितला होता. प्रश्न रास्त आहे. पण बाबासाहेब गेलेल्या माणसांचे स्मरण कसे करीत, तेही पाहा. १९४३ साली पुण्यात न्या. रानडे यांच्या जयंतीनिमित्त त्यांचे भाषण झाले. रानड्यांची आरती न ओवाळता त्यांनी मोठा माणूस कशाने मोठा ठरतो, याची चिकित्सा केली. रानड्यांचे गुण सांगितले, मर्यादाही सांगितल्या. 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ त्यांनी महात्मा फुले यांना अर्पण केला. अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. म्हणजे गेलेल्यांना द्यायचे ते आपल्या श्रमाचे फळ, आणि त्यांच्याकडून घ्यायचा तो विचार, पारखून घेतलेला. हीच आंबेडकरी आदरांजली.

म्हणून आमच्या आदरांजली सभांमध्ये चिकित्साही झाली पाहिजे. राजा ढाले आणि नामदेव ढसाळ यांच्यात वाद का झाला, पँथर का फुटली, हे ढाले यांच्या स्मृतिदिनी मोकळेपणाने बोलले गेले तर ढाले लहान होत नाहीत. गेल ऑम्वेट यांनी जागतिकीकरणाविषयी आणि मोठ्या धरणांविषयी घेतलेल्या भूमिका चळवळीतील अनेकांना पटल्या नाहीत. त्या का घेतल्या आणि का पटल्या नाहीत, याचा अभ्यास व्हावा. पण अभ्यासासाठी कागद हवेत. कागद नसले की उरतात त्या दंतकथा, आणि दंतकथांवर भक्त पोसतात, कार्यकर्ते घडत नाहीत. व्यक्तिपूजेचा खरा उतारा विस्मरणात सापडणार नाही. तो अभ्यासात आहे.

तेव्हा करायचे काय? फार मोठ्या योजनांची गरज नाही. गावोगावी बुद्धविहार आहेत. प्रत्येक विहारात एक कुलूपबंद कपाट आणि एक नोंदवही असावी. वस्तीतील कुणी कार्यकर्ता, शिक्षक, गायक, धम्मप्रचारक कालकथित झाला, तर पुण्यानुमोदनाच्या दिवशीच त्याच्या घरच्यांशी बोलून कागदपत्रे, छायाचित्रे, जुने अंक, हँडबिले रद्दीत जाणार नाहीत, याची हमी घ्यावी. घरच्यांना मूळ कागद द्यायचे नसतील, तर प्रती काढून ठेवाव्यात. आज प्रत्येक पोराच्या खिशात मोबाईल आहे. त्यावर दिवसभर जयभीमची गाणी वाजतात, ती वाजावीतच. पण त्याच मोबाईलमध्ये आपल्या ऐंशी वर्षांच्या आजीला समोर बसवून नामांतराच्या लढ्यात, भूमिहीनांच्या सत्याग्रहात, वरळीच्या दंगलीत तिने काय पाहिले, ते तासभर टिपून ठेवा. नाव, गाव, तारीख नोंदवा. आजोबांनाच विचारून थांबू नका. घरातल्या बायांना विचारा, कारण त्यांना आजवर कुणीच विचारलेले नाही.

जयंती मंडळांना आमचे जाहीर आवाहन आहे. डीजे आणि फ्लेक्सवर होणाऱ्या खर्चातला दहावा हिस्सा बाजूला काढा आणि दरवर्षी एका दुर्मिळ पुस्तकाचे, लेखकाच्या वारसांची रीतसर परवानगी घेऊन, पुनर्मुद्रण करा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात आणि भाकरीचा डबा घेऊन आलेला माणूसही परत जाताना पुस्तक घेऊन जातो. देशात दुसऱ्या कुठल्या जत्रेत देवाच्या प्रसादाऐवजी पुस्तके विकली जातात? एवढा वाचक ज्या चळवळीच्या पाठीशी आहे, तिच्या लेखकांची पुस्तके मिळेनाशी व्हावीत, याला गरिबी हे कारण होऊ शकत नाही. नोकरीत स्थिरावलेल्या, निवृत्तिवेतन घेणाऱ्या आमच्या सुशिक्षित वर्गाने याचा विचार करावा. बाबासाहेबांच्या पुण्याईने मिळालेल्या फ्लॅटमध्ये बाबासाहेबांच्या चळवळीच्या कागदांसाठी एक फळी रिकामी करता येऊ नये काय?

ज्यांच्याकडे पोथ्या होत्या, मठ होते, सनदा होत्या, त्यांनी हजारो वर्षे आपला इतिहास राखला आणि आमचा पुसला. आमच्या पूर्वजांना लिहिण्याचाच अधिकार नव्हता, म्हणून ते मुके राहिले. आमच्या पिढीला ती सबब नाही. शांताबाईंनी लिहिले, कुमुदताईंनी लिहिले, ढाल्यांनी लिहिले, पानतावणे सरांनी लिहिते केले. त्यांनी आपले काम चोख केले. ते लिहिलेले पुढच्या पिढीच्या हाती पोहोचवणे हे आपले काम आहे. पुढच्या वेळी आदरांजलीचा फलक बांधायला दोरी घेऊन निघाल, तेव्हा आधी त्या घरात जा आणि विचारा, 'ताई, साहेबांच्या वह्या कुठे आहेत?' आणि गेलेली बाई असेल, तर तिच्याही वह्या विचारा. असतील. नक्की असतील.

जय भीम!